ऊन पाण्याचा टॉवेल

"डोकं जरा वर धरा," न्हावी म्हणाला. शेजारच्या चपलांच्या दुकानातल्या काकांनी न्हाव्याच्या धाकट्या भावाच्या मानेखाली उशी सरकवली.

काल चौकात मोर्चावर गोळीबार झाला. गोळी धाकट्याच्या छातीत लागली, तो जागीच गेला. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. होती ती रस्त्याची धूळ आणि धरण्यावर बसल्यापासून वाढलेली दाढी. आई मावशीच्या गावाहून निघाली होती. ती पोचायच्या आत तिचा मुलगा तिला ओळखू येईल असा करायचा, एवढंच न्हाव्याच्या डोक्यात होतं.

"दुसऱ्या कुणाला बोलावू का?" काकांनी विचारलं.

"याच्या मिसरुडाला पहिला वस्तरा मीच लावला, काका. 'दादा, कान तेवढे जागेवर ठेव हं!' म्हणून ओरडत होता. दुसऱ्याच्या हाताखाली गप्प बसायचा नाही तो."



मग रोजच्या सवयीने त्याने पाणी तापवलं. दाढी मऊ व्हावी, कातडीची आग होऊ नये, म्हणून टॉवेल ऊन पाण्यातून पिळून गालांवर दाबून धरायचा असतो. सकाळच्या उजेडात वाफ वर चढत होती आणि सगळी खोली हलकेच तरंगत असल्यासारखी वाटत होती. फेसाखालून गाल उघडा पडत गेला, तसतसा भाऊ लहान होत गेला. आधी कॉलेजातला, मग सायकलच्या दांडीवर बसून उगीचच घंटी वाजवणारा. शेवटी न्हाव्याने पुन्हा एकदा ऊन टॉवेल फिरवला. गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

तेवढ्यात आई आली. कुणी धरायच्या आत तिने धाकट्याचे गाल ओंजळीत घेतले.

"अरे, गरम आहे हा!" ती ओरडली. "डॉक्टरला बोलवा! बघत काय उभे राहिलात?"

काकांनी तोंड फिरवलं. आपल्या हातून काय झालं ते न्हाव्याला कळलं.

"ऊठ रे बाळा. बघ, दादाने किती छान दाढी केलीय..." म्हणता म्हणता आईचा हात गालावरून मानेकडे घसरला. तिथवर टॉवेल पोचला नव्हता. हात तिथेच राहिला.

वाफ विरून गेली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

आईने मान वळवली. थोरल्याच्या हातात अजून तो ओला टॉवेल होता, बोटं लालबुंद झाली होती. तिने टॉवेल काढून बाजूला ठेवला, ती बोटं आपल्या तळव्यांत धरली आणि हळूच फुंकर घातली.

"एवढं कढत घेतात का रे पाणी?"