वासहीन वायू

मास्तरांना कशाचाच वास येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला तरी ते शेजारी खुशाल पेपर वाचत बसत. लहानपणी एका तापात वास गेला तो गेलाच. पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, शाळांसाठी प्रयोगांचं पुस्तक लिहिलं आणि त्यात चूक काढणाऱ्याला फैलावर घेतलं.

आता त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती आणि प्रयोग तपासायचं काम सुनेकडे आलं होतं. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्यांच्याच शाळेत शिकवत होती. मिठाच्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसं बुडवून बॅटरी जोडली, की धन टोकाशी ऑक्सिजन मिळतो, 'रंगहीन, वासहीन', असं पुस्तक सांगत होतं. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग मांडला. बुडबुडे आले आणि पोहण्याच्या तलावावर येतो तसा उग्र वास नाकात शिरला. हा तर मिठातला क्लोरिन.

गप्प बसावं तर मुलं पुढेही खोटं शिकणार, बोलावं तर म्हातारा दुखावणार. आणि तिचा फार जीव होता त्यांच्यावर.

"बाबा, जरा येता? याला वास येतोय."

"ऑक्सिजनला कसला वास? सर्दी झाली असेल तुला."

"अहो, सर्दीत वास जातो, येत नाही," ओट्यापाशी उभ्या सासूबाई म्हणाल्या.

वासावरून मास्तरांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने ओला निळा लिटमस कागद बुडबुड्यांवर धरला. तो लाल झाला आणि मग हळूहळू पांढराफटक पडला. मास्तरांनी चष्मा पुसून दुसरा कागद स्वतः धरला. तोही पांढरा.

"ऑक्सिजन असं करत नाही," ते पुटपुटले. सुनेला रडायचंच काय ते बाकी होतं.

"माझ्या वर्गात तू हा प्रयोग केला होतास. तेव्हा वास आला होता?"

"आला होता."

"मग लिहिलंस काय?"

"वासहीन. तुम्ही पूर्ण गुण दिलेत."

सासूबाईंना हसू आवरेना. मास्तर आधी ओशाळले, मग तेही हसत सुटले.

संध्याकाळी त्यांनी सुधारलेलं पान तिच्या हाती ठेवलं. ऑक्सिजन जाऊन क्लोरिन आला होता, खिडक्या उघड्या ठेवायची सूचना होती आणि खाली एक नवी ओळ होती: 'या वायूला उग्र वास आहे. लेखकाला तो येत नाही. त्याच्या सुनेला येतो.'

"बाबा, हे असं छापायचं?"

"छापायचं. निरीक्षण आहे ते."