चौथ्या हीटचा पहिला नंबर

शनिवारी सकाळी सव्वासहाला राष्ट्रीय नौका-स्पर्धेच्या समितीच्या तंबूत सांगण्यात आलं, की दहाच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटणार आहे, म्हणून दिवसभराच्या सगळ्या हीट्स, म्हणजे पहिल्या फेरीच्या शर्यती, नऊच्या आत उरकायच्या. आणखीही एक बदल होता. एरवी प्रत्येक हीटमधल्या पहिल्या दोन बोटी उपांत्य फेरीत जात. आता उपांत्य फेरी रद्द झाली होती. प्रत्येक गटाच्या सगळ्या हीट्स मिळून ज्या सहा बोटींची वेळ सर्वांत कमी भरेल, त्या थेट रविवारच्या अंतिम फेरीत. डोनल नावाच्या पिकल्या केसांच्या अधिकाऱ्यानं हे कागदावरून दोनदा वाचून दाखवलं. तंबूत तीसेक क्लबांची माणसं उभी होती. कोणी हरकत घेतली नाही. गेल्या वर्षी याच तलावावर वाऱ्यानं अख्खा शनिवार वाया घालवला होता आणि ते कोणी विसरलेलं नव्हतं.

फिडेल्मा हॅनरहन मागच्या रांगेत उभी होती. वय चव्वेचाळीस, उंची जेमतेम पाच फूट. क्लबात तिला डेल म्हणत. ड्रुमकिल्ला नावाच्या खाडीकाठच्या लहानशा क्लबची ती कॅप्टन होती आणि कॉक्सही. बोटीत वल्हं न मारणारी एकटी कॉक्सच असते. सुकाणू तिच्या हातात, हुकूम तिच्या तोंडात. ड्रुमकिल्लाकडे बायकांच्या दोन चौकड्या होत्या, एक जुनी, क्लब गटातली, आणि एक यंदाची नवोदित. धड बोट मात्र एकच. कॉक्सही एकच.

बाहेर पडताना डोनलनं तिला हाक मारली.

"फिडेल्माबाई, तुमचं त्रांगडं झालंय."

"आता काय?"

"तुमच्या नवोदितांची हीट सात वीसला आलीय. क्लब गटातल्या तुमच्या बायका पहिल्या हीटमध्ये, साडेसातला. दोन्हीकडे बोट एकच लिहिलीय तुम्ही."

"दुसरी असती तर लिहिली नसती का?"

"ते कळलं हो. पण एकीला मागं सरकवावं लागेल. नवोदितांना त्यांच्या शेवटच्या हीटमध्ये टाकू, की क्लब गटाला चौथ्या? दोन्ही आठ वाजून गेल्यावर आहेत. लवकर सांगा, वेळापत्रक छापायला चाललंय."

फिडेल्मानं विचार केला नाही असं नाही. अर्धा मिनिट केला. नवोदित मुली सप्टेंबरात पहिल्यांदा बोटीत बसलेल्या; लाटा आल्या की वल्हं पाण्यात अडकवून ठेवायच्या. जुन्या चौघी खाडीवर वाढलेल्या, वारा त्यांच्या रोजच्या ओळखीचा. शिवाय वारा यायचा दहाला, आणि चौथी हीट आठ वीसला. दीड तासाहून जास्त सवड होती.

"क्लब गट मागं टाका," ती म्हणाली.

डोनलनं पेननं एक बाण काढला आणि कागद छपाईला नेणाऱ्या मुलीच्या हातात दिला.

जुन्या चौकडीतली ग्रॉन्या तेव्हा तंबूपासून शंभर पावलांवर, ट्रेलरपाशी बोटीचे नटबोल्ट आवळत होती. तिला हाक मारावी असं फिडेल्माला वाटलं नाही. कॅप्टननं ठरवायच्या ज्या अनेक गोष्टी असतात, त्यांतलीच ही एक, असं तिनं धरलं.

ग्रॉन्या टूमी छत्तीस वर्षांची होती, रुग्णालयात परिचारिका. चौघींना वल्ह्याचा ठेका तीच द्यायची. राष्ट्रीय स्पर्धेत ती सात वर्षं येत होती आणि सातही वर्षं अंतिम फेरीआधीच बाहेर पडली होती. यंदा उजवा खांदा ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या स्वाधीन करायचा होता आणि त्यानंतर वल्हं नाही, असं डॉक्टरांनी शब्द न चावता सांगितलं होतं. चौकडीतल्या बाकी तिघींना, सॉर्का, रोशीन आणि ब्रोनाला, हे ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. मे महिन्यात खाडीवर त्यांनी दोन हजार मीटर सात एक्केचाळीसला कापले, त्या दिवसापासून तर मुळीच नाही. ती वेळ अंतिम फेरीची होती.

"चौथ्या हीटमध्ये?" फिडेल्मानं ट्रेलरपाशी येऊन सांगितल्यावर ग्रॉन्यानं विचारलं. "आपण पहिल्या हीटमध्ये होतो ना? कोणी टाकलं?"

"ऑफिसनं. बोट एकच आहे, म्हणून."

"आपल्याला कुठेही टाकू देत," मागून सॉर्का म्हणाली. हॅम सँडविच अर्धं तोंडात, अर्धं हातात. "हरायला सकाळ काय न् दुपार काय."

"तोंडातलं संपव आधी, मग अभद्र बोल," ग्रॉन्या म्हणाली. पण ती हसली. तिला उशीर चालणार होता. खांद्याला गरम पिशवी लावायला आणखी पाऊण तास मिळत होता.

सात वीसला पाणी काचेसारखं होतं. फिडेल्मा बोटीच्या नाकात उताणी पडली. या जातीच्या बोटीत कॉक्स तशीच असते, पाय पुढं, डोकं मागं, कमरेपर्यंत लाकडाच्या खोपीत. पुढचं पाणी तिला दिसतं. वल्हवणाऱ्या चौघी तिच्या मागं, तिच्याकडे पाठ करून. त्यांना ती दिसत नाही, तिला त्या दिसत नाहीत. तिचा आवाज तेवढा प्रत्येकीच्या पायाशी बसवलेल्या स्पीकरमधून त्यांना ऐकू येतो. नवोदित मुली तिसऱ्या आल्या. एकदाही वल्हं अडकलं नाही. काठावर उतरल्यावर त्यांतली कीवा म्हणाली, "डेल, अगं, मी एकदासुद्धा डोळे मिटले नाहीत!"

क्लब गटाच्या पहिल्या तीन हीट्स वेळेवर झाल्या, तशाच काचेवर. लाउडस्पीकरवरून वेळा सांगितल्या गेल्या. अठरा बोटींत सहाव्या क्रमांकाची वेळ होती सात मिनिटं सत्तेचाळीस.

"सत्तेचाळीस," ग्रॉन्या म्हणाली. "आपल्याकडे सहा सेकंद जास्तीचे आहेत."

"मग मी एखादं सँडविच आणखी खाऊ का?" सॉर्का म्हणाली.

आठ वाजून पाच मिनिटांनी सुरुवातीच्या रेषेवरचा, बोटी धरून ठेवायचा तराफा जागेवरून सरकला. त्याचा नांगर गाळातून निसटला होता. पंचांच्या दोन मोटरबोटी तिकडे गेल्या. आधी दहा मिनिटं लागतील असं सांगितलं गेलं, मग वीस, मग काहीच सांगितलं गेलं नाही. फिडेल्मा काठावर उभी राहून अंतिम रेषेजवळचे झेंडे बघत होती. साडेआठला ते हलले. पावणेनऊला त्यांतला एकही खाली लोंबत नव्हता. वारा सव्वा तास आधी आला होता आणि अंतिम रेषेकडून सुरुवातीकडे, म्हणजे नेमका तोंडावर, वाहत होता.

ती तंबूकडे दहा पावलं चालली आणि परत फिरली. काय विचारणार होती? हीट रद्द करा? केली असती तर त्या सहाही बोटी न वल्हवताच बाहेर गेल्या असत्या.

नऊ वाजून पाच मिनिटांनी चौथी हीट सुरू झाली. तराफ्यावर पालथी पडलेली माणसं बोटींची शेपटं धरून होती, तरी बोटी आडव्या फिरत होत्या. मागून रोशीनचा आवाज आला. ती कॉक्सच्या डोक्याला लागूनच बसायची. "डेल, पुढं कसं दिसतंय?"

"उघडं आहे," फिडेल्मा म्हणाली. "ठेका खाली ठेवा. वल्हं उंच काढा."

पुढं पांढरं दिसत होतं. सबंध तलावभर.

त्यांच्या क्लबात एक रीत होती, कदाचित सगळ्याच क्लबांत असेल. दर पाचशे मीटरला कॉक्स आधी वेळ सांगते, मग क्रमांक. पहिल्या पाचशेला फिडेल्मानं सांगितलं, "एक एकोणसाठ. दुसऱ्या." सात सत्तेचाळीसच्या हिशेबानं दोन सेकंद मागं होत्या, पण सुरुवातीच्या भागाला काठावरच्या झाडांचा आडोसा होता. पुढं तो नव्हता. पाणी तिच्या तोंडावर येत होतं, गळ्यातून आत जात होतं. चौघी मात्र जीव तोडून, आणि त्याहून कठीण म्हणजे एकत्र, वल्हवत होत्या. खाडीवरची वर्षं त्यांच्या हातांत होती. शेजारच्या बोटी एकेक करून तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागं गेल्या. आठशे मीटरला पुढं कोणी उरलं नाही.

हजार मीटरची पाटी आली. तिच्या छातीशी असलेल्या घड्याळात चार मिनिटं तीन सेकंद झाले होते.

हिशेब करायला ती थांबली नाही; तो आपोआप झाला. उरलेले हजार मीटर तीन चव्वेचाळीसला हवे होते. या वाऱ्यात ऑलिंपिकच्या बायकांनाही ते अवघड होतं. ड्रुमकिल्लाची स्पर्धा इथं, पाटीजवळ, संपली होती, आणि हे बोटीतल्या पाच जणींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

"पहिल्या," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली. "आपण पहिल्या."

वल्ह्यांचे दोन फटके गेले. रोशीननं श्वासाच्या फटीतून विचारलं, "वेळ?"

"पहिल्या," फिडेल्मा म्हणाली. "ब्रोना, डावीकडे जोर. बाकीच्यांना मागं बघत राहा."

ते त्या करतच होत्या. वल्हवणारीला मागचंच दिसतं, आणि मागं पाच बोटी लहान होत चालल्या होत्या. पंधराशेलाही तिनं वेळ सांगितली नाही. शेवटच्या दोनशे मीटरला ठेका वाढवा म्हणून सांगायची पाळीच आली नाही. ग्रॉन्यानं तो आपण होऊन वाढवला, त्या खांद्यानिशी. काठावर लोक ओरडत होते. भोंगा वाजला. दुसऱ्या क्रमांकाची बोट दोन बोटींच्या लांबीइतक्या अंतरानं मागून आली.

मागं आधी नुसते श्वास होते. मग सॉर्का ओरडली, "देवाशप्पथ, पहिल्या! आपण! पहिल्या!" कोणीतरी पाण्यावर हात आपटला. पार शेपटाकडून ग्रॉन्याचा आवाज आला, फाटलेला. "सात वर्षं गं, डेल. सात वर्षं!"

फिडेल्मा उताणीच होती. मायक्रोफोन अजून चालू होता.

"आठ सहा," ती म्हणाली.

"काय आठ सहा?"

"आपली वेळ. आठ मिनिटं सहा सेकंद."

बोट वाऱ्यानं हळूहळू मागं सरकू लागली. ती सरळ ठेवायला एकीनंही वल्हं उचललं नाही.

काठावर बोट लाकडी घोड्यांवर ठेवल्यावर ग्रॉन्या म्हणाली, "हरकत नोंदवायची. चल."

"काही उपयोग नाही, ग्रॉन्या. नियम वाचून दाखवला होता सकाळी."

"तू येतेस की मी एकटी जाऊ?"

फिडेल्मा गेली. न जाण्यासाठी तिच्याकडे सांगण्याजोगं कारण नव्हतं. तंबूत तिच्या आधी आणखी दोन क्लबांची माणसं डोनलसमोर आवाज चढवून गेली होती आणि तो थकलेला दिसत होता.

"तीन हीट्स काचेवर झाल्या, साहेब, आणि चौथी समुद्रात," ग्रॉन्या म्हणाली. "मग वेळा एकत्र कशा मोजता?"

"बरोबर आहे तुमचं. मला पटतंय. पण नियम सकाळी जाहीर झाला, आणि वारा नियमाच्या हातात नाही."

"वाऱ्याचं सोडा. आम्ही पहिल्या हीटमध्ये होतो. तुम्ही उचलून चौथीत टाकलंत. ते तरी तुमच्या हातात होतं?"

डोनल ग्रॉन्याकडे न बघता फिडेल्माकडे बघू लागला. बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, हे दिसत होतं. तिनं काही बोलावं म्हणून त्यानं थोडी वाट पाहिली.

"मी विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या क्लबानं ठरवलं ते."

ग्रॉन्या बाहेर पडली आणि फिडेल्मा तिच्यामागोमाग. चहाच्या गाडीमागं वारा कमी होता, तिथं ती थांबली.

"तू ठरवलंस."

"हो."

"आणि मला सांगितलंस, ऑफिसनं."

"हो."

"मी शंभर पावलांवर होते, डेल."

"वेळ नव्हता. वारा दहाला येणार होता. पोरी घाबरल्या असत्या, एखादी पाण्यात गेली असती. तू असतीस तर तूही…" फिडेल्मा थांबली. पुढचं वाक्य ग्रॉन्यानं म्हणावं, असं तिला फार वाटत होतं.

"मी असते तर पोरींना मागं टाक म्हणाले असते," ग्रॉन्या म्हणाली. "अर्धा मिनिटही लागला नसता. त्यांच्यापुढं दहा वर्षं पडलीत." तिनं उजवा हात डाव्या हातानं कोपराशी धरला होता. "आणि हजारला वेळ का नाही सांगितलीस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी थांबले असते. खांदा वाचला असता थोडा."

 

कीवा चिखलातून धावत आली, अनवाणीच. "डेल! पाचवी वेळ आपली! उद्या फायनल! नवोदितांची फायनल!" मग तिला ग्रॉन्या दिसली. "आणि तुम्हीसुद्धा! पहिल्या आलात म्हणे! म्हणजे दोन्ही बोटी फायनलला?"

"आमचं नाही झालं, पोरी," ग्रॉन्या म्हणाली. "वेळ कमी पडली." तिनं कीवाला डाव्या हातानं जवळ घेतलं. "छान वल्हवलंत. मी काठावरून बघत होते."

"मग उद्या ओरडायला तरी याल ना?"

"उद्या ड्यूटी आहे माझी."

उद्याची ड्यूटी ग्रॉन्यानं मार्चमध्येच बदलून घेतली होती, त्यापायी तीन रात्रपाळ्या आणि संत पॅट्रिकच्या सणाची सुट्टी देऊन. बोटघरात तिनं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं होतं.  ग्रॉन्या गाड्या लावल्या होत्या तिकडे चालू लागली. एक हात अजून दुसऱ्या हातात धरलेला होता.

"डेल, उद्या कितीला यायचं आम्ही?" कीवानं विचारलं.

"साडेसहाला," फिडेल्मा म्हणाली. "बोटीपाशी."