पेंटरच्या अक्षरातलं पत्र

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी मासिकाचं काम चाले. समलिंगी, ट्रान्स, आणि आपण नक्की कोण हे अजून न उमगलेल्या तरुण मुलामुलींचं मासिक. काढणारे सगळे बिनपगारी. संपादक शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणत. ‘ताईला विचारा’ हे पान सांभाळणारी ताई चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. वय सव्वीस. पाच वर्षं ती परक्या मुलांना धीर देत होती आणि स्वतःच्या घरी मात्र अळीमिळी गुपचिळी.

त्या शनिवारी तिने टपालाचा गठ्ठा पुढे ओढला आणि वरचंच पाकीट उचललं. पत्ता बाबांच्या अक्षरात होता. शंकेला जागाच नव्हती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. निम्म्या बाजारावर त्यांचं अक्षर होतं. वाणसामानाची यादी लिहिली तरी वेलांटीला तोच ऐटदार फराटा.

“मास्तर, मेले मी. बाबांना कळलं.”

“उघड तर आधी.”

“तूच उघड. शिव्याच असणार.”

मास्तरने पाकीट फोडलं, चार ओळी वाचल्या आणि तो हळूच खुर्चीत टेकला. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

“शिव्या नाहीत गं. वाच.”

‘ताई, तुमचं मासिक तरुणांसाठी आहे आणि माझी एकसष्टी उलटली. माफ करा. मुलीच्या गादीखाली अंक सापडला. रागाने उघडला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. तरुणपणी माझ्याबरोबर एक जण पाट्या रंगवायचा. तो त्या टोकाने सुरू करायचा, मी या टोकाने. आमचं प्रेम होतं. हा शब्द आज पहिल्यांदा लिहितोय. माझं लग्न ठरलं आणि तो निघून गेला. बायको चांगली आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. माझं राहू द्या. मुलीशी कसं बोलू, तेवढं सांगा. ती मला घाबरते.’

तिने पत्र तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटे, आपण भलतंच काही वाचतोय.

“उत्तर देशील?” मास्तरने विचारलं.

“उत्तर? माझा बाप आहे तो!” ती ओरडली आणि चपला कशाबशा पायात सरकवून जिना उतरली.

बाबा दोन गल्ल्या पलीकडे शिडीवर चढून औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होते.

“बाबा, खाली या. तुमचं पत्र पोचलं.”

“कसलं पत्र?”

“ताई मीच आहे.”

बाबांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. कुंचला खाली पडला. एकेक पायरी चाचपत ते उतरले आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसले.

“तू?”

“टीव्हीसमोर बसून म्हणायचात, ‘असल्यांना चाबकाने फोडलं पाहिजे.’ मी शेजारी बसलेली असायचे, बाबा.”

“मोठ्याने म्हटलं की आपल्यावर कुणाचा संशय येत नाही,” ते पुटपुटले. “तुला काय वाटत असेल, हे कधी मनातच आलं नाही.”

ती रडायला लागली. तिला मायाही येत होती आणि संतापही.

“आईला कोण सांगणार?”

“मी. आजच. उद्या माझा धीर व्हायचा नाही.”

त्यांनी खरंच सांगितलं. आईने एवढंच विचारलं, “त्याचं नाव काय?” बाबांनी सांगितलं. तिने पिशवी भरली आणि ती मावशीकडे निघून गेली.

बाराव्या दिवशी ती परत आली ती थेट मुलीच्या खोलीत. तिथेच तिने अंथरूण टाकलं. बाबांशी ती कामापुरतं बोलायची. बाबा बाहेरच्या खोलीत झोपत आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा करत. तो चहा आई प्यायची.

एका दुपारी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता आई एकदम थांबली.

“तुझं मला केव्हाच कळलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. पण यांचं? चौतीस वर्षं एका ताटात जेवले मी. मला कसं नाही गं कळलं?”

मुलीने चादरीचं दुसरं टोक हातात धरलं आणि ती आईजवळ सरकली.