शंभरातले दहा

जवरीलाल शेठने त्या चातुर्मासात सट्टा सोडला. खरं म्हणजे त्याने तो कधी केलाच नव्हता, आणि न केलेली गोष्ट सोडायला माणसाला फारसं जड जात नाही. पण त्याचा थोरला भाऊ ज्ञानचंद कापसाच्या वायद्यात बायकोच्या बांगड्यांसकट बुडाला आणि जळगाव सोडून गेला. तेव्हापासून ‘वायदा’ शब्द कानावर पडला तरी जवरीलाल उठून जायचा. म्हणून १९२९ सालच्या चौमाशात जैन स्थानकात मुनी महाराजसाहेबांपुढे हात जोडून त्याने पच्चक्खाण घेतलं, म्हणजे सोडल्याची शपथच. पुढच्या महिन्याचा माल आज बोलायचा नाही. विकायचाही नाही, घ्यायचाही नाही. माल डोळ्यांसमोर असला तरच सौदा. त्याची बायको राजकुंवर बायकांच्या बाजूला बसली होती. घरातलं एक भय कायमचं मिटलं, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर कापूस आला. जवरीलालने तो घेतला, सरकी काढून दाबून दोनशे गाठी बांधल्या आणि गोदामात रचल्या. एवढा पैसा त्याच्याजवळ कुठला? गाठींवर बँकेने कर्ज दिलं आणि गोदामाला आपलं कुलूप लावलं. शंभर रुपयांच्या मालात सत्तर बँकेचे. वीस गावातल्या बायांचे, त्यांनी पेढीवर ठेवलेले. उरलेले दहा जवरीलालचे. माल मात्र सगळा गाव ‘जवरीलालच्या गाठी’ म्हणूनच ओळखायचा, आणि ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बायांच्या ठेवी पेढीच्या गादीवर येत नसत. गादीवर पुरुष बसलेले, तिथे कोण चढणार? त्या मागच्या दाराने यायच्या, राजकुंवरच्या हातात फडक्याची पुरचुंडी द्यायच्या आणि पाणी पिऊन जायच्या. चिठ्ठी फाडून मिळायची, पण विश्वास चिठ्ठीवर नसायचा, पाणी देणारीवर असायचा. मेहरूणच्या भिकुबाईने वांगी विकून असे तीनशे चाळीस रुपये साठवले होते. विहिरीला कातळ लागला होता, तो सुरुंग लावून फोडायचा होता.

मार्गशीर्षात मुंबईच्या तारा वाईट यायला लागल्या. शंभराचा माल ब्याण्णववर आला. बँकेचे लीलाधर एजंट पेढीवर आले, सुपारी चघळत बसले आणि सांगितलं की ब्याण्णवच्या मालावर बँकेचे सत्तर जास्त होतात, त्यातले साडेपाच तरी परत करा. ते जमत नसेल तर सोपी वाट होती. ज्या गाठी गोदामात आहेत, तेवढ्याच मुंबईच्या वायद्यात पुढच्या तारखेला विकून ठेवायच्या. मग भाव पडला तर इथे जाईल ते तिथे मिळेल, चढला तर तिथे जाईल ते इथे मिळेल.

“हा सट्टा नाही शेठ, ही छत्री आहे,” लीलाधर म्हणाले.

जवरीलालने पच्चक्खाणाचं सांगितलं. लीलाधरांनी मान हलवली. माणूस सज्जन होता, पण बँकेच्या कागदात पच्चक्खाणाला रकाना नव्हता. आठ दिवसांची मुदत देऊन ते उठले.

जवरीलालने ठरवलं, थांबायचं. संक्रांतीनंतर भाव चढतो, नेहमीच चढतो. बँकेला तोवर काहीतरी करून गप्प करायचं.

तिसऱ्या दिवशी भिकुबाई मागच्या दाराशी आली. पैसे मागायला नव्हती आली. वांग्यांची टोपली उतरवून तिने पाणी घेतलं आणि म्हणाली, “शेठानी, कापूसना भाव पडना म्हनतस लोके. मना पैसा बी कापूसमाच शे का?”

इतकी वर्षं राजकुंवर पुरचुंड्या घेत आली होती, पण त्यांचं पुढे काय होतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारून सांगते, म्हणाली. दुपारी नवऱ्याला वाढताना तिने विचारलं आणि त्याने सांगितलंही, सत्तर, वीस आणि दहा.

तिने ताटात आमटी वाढली.

“दोनशे गाठी धरून भाव चढायची वाट बघायची, याला काय म्हणतात?”

“व्यापार.”

“बायकोच्या बांगड्या गेल्या तेव्हा जेठजीही वाटच बघत होते.”

“त्यांच्याकडे माल नव्हता. माझ्याकडे आहे.”

“तुमचे त्यात दहा. त्यातले आठ गेले,” ती म्हणाली. “आणखी दोन गेले की पुढचा डाव भिकुबाईच्या विहिरीवर आहे. तिला विचारलंत?”

जवरीलाल अर्ध्या ताटावरून उठला. वाटच बघायची म्हणजे काहीच न करणं, आणि काहीच न करणाऱ्याच्या हातून पाप कसं होईल, असा त्याचा आजवरचा हिशेब होता.

महाराजसाहेब तोवर विहार करत धुळ्याला पोहोचले होते. जाऊन विचारता आलं असतं. छत्रीपुरती सूट त्यांनी कदाचित दिलीही असती, आणि जवरीलालला भीती त्याचीच होती. भाव पडला की सैल होणारं पच्चक्खाण पुढच्या वर्षी कशाला धरून ठेवणार? तो धुळ्याला गेला नाही. पाचव्या दिवशी त्याने लीलाधरांकडून कुलूप उघडून घेतलं आणि दोनशेच्या दोनशे गाठी रोखीने विकल्या, एक्क्याण्णवच्या भावाने. बँकेचे सत्तर बँकेला गेले, बायांचे वीस तिजोरीत आले. स्वतःच्या दहातला एक उरला.

दुसऱ्याच दिवशी भाव चढला. आठ दिवस चढतच राहिला, चौऱ्याण्णव झाला. बाजारात लोक म्हणाले, बायकोचं ऐकलं. जवरीलाल रोज दुपारी तारघराकडे जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. जेवण सुटलं.

“घरात एक गाठ नाही,” राजकुंवर म्हणाली. “मग भाव कोणाचा बघता?”

दुसऱ्या दिवशी जवरीलालने तारघराकडे जायला पागोटं घातलं, ओट्यावर आला, बराच वेळ उभा राहिला आणि पागोटं काढून आत येऊन बसला. मला वाटतं, त्याचा सट्टा सुटला तो त्या दुपारी.

होळीला भाव ऐंशीवर आला. कोणी येऊन शाबासकी दिली नाही. न झालेलं नुकसान दिसतं कोणाला? जवरीलालने गाठी साठवणं बंद केलं आणि दुसऱ्यांचा माल दलालीवर विकू लागला. घरात तूप मोजून वाढलं जाऊ लागलं.

चैत्रात सुरुंगवाले आले, तशी भिकुबाईही आली. राजकुंवरने मागच्या दारात बसून तीनशे चाळीस रुपये आणि वरचं व्याज तिच्या पदरात मोजलं. भिकुबाईने ते पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा.

“व्याज आठ आने कमी शे,” ती म्हणाली.

व्याज बरोबर होतं. राजकुंवरने आत जाऊन आठ आणे आणून दिले.