बुआलॉयला साद

"आबा, या कठड्यापलीकडे हात न्यायचा नाही. खायला द्यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. हत्ती आले तर हत्ती बघायचे, नाही आले तर झाडं बघायची," तिथला माहूत मनत म्हणाला, तशी हत्ती बघायला माचीवर जमलेली माणसं हसली.

प्रासितही हसला. तो देवळात जायचा पांढरा सदरा घालून आला होता. कमरेचा चौकड्यांचा पंचा मात्र मुलीने, कुंगने, खोलीवरच काढून ठेवायला लावला होता. कुंग फुकेतच्या एका हॉटेलात धुलाईखान्यात होती. नव्या वर्षाची सुट्टी मिळाल्यावर तिने बापाला सुरिनहून हट्टाने बोलावून घेतलं होतं. काल समुद्र दाखवला, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि "पाणी बरंच आहे" एवढंच म्हणाला. आज तिने त्याला डोंगरातल्या या हत्तींच्या आश्रयस्थानात आणलं होतं. इथे कोणी हत्तीवर बसत नसे, कोणी खेळ करायला लावत नसे. म्हातारे, थकलेले हत्ती रानात मोकळे फिरत आणि पाहुण्यांनी लांबून बघायचं.

"तुम्ही खुशाल साद घाला, बाबा," कुंग त्याच्या कानाशी पुटपुटली. "रागावले तर मी बघते त्यांचं. त्यासाठीच तर आणलंय तुम्हाला." मोबाइल हातात धरून ती कठड्यापाशी जागा पकडायला पुढे गेली. इथल्या एका चित्रफितीत तिने बुआलॉयचं नाव ऐकलं होतं. सुरिनकडची हत्तीण, असंही त्यात म्हटलं होतं.

प्रासितच्या गावात पूर्वी दारोदारी हत्ती असायचा. बुआलॉय त्याच्या वडिलांच्या दावणीला आली तेव्हा ती आणि तो दोघंही लहान होती. पुढे रानं तुटली, तिथे निलगिरी लागली, हत्तीला चारा उरला नाही. मग तिला घेऊन तो कांचनबुरीला गेला. नदीकाठच्या एका तळावर ती दिवसभर पाहुण्यांना पाठीवर घेऊन फिरायची आणि तो तिच्या मानेवर बसायचा. एक दिवस गावाहून निरोप आला की बायकोचं, लामदुआनचं, अर्धं अंग गेलं. कुठेही जायचं असलं की तो बुआलॉयच्या कानाशी सांगून जायचा. त्या सकाळी त्याचा धीर झाला नाही. तिच्यापुढे ऊस टाकला आणि ती खाण्यात गुंतल्यावर मागच्या वाटेने निघून गेला. महिन्याभरात येतो, असं त्याने तळाच्या मालकाला सांगितलं होतं. गाडी वळणावर आली तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. गाडीतले लोक खिडक्यांतून बघायला लागले. तो खाली मान घालून बसून राहिला.

लामदुआन अंथरुणाला खिळली ती कैक वर्षं. तिला भरवायला, कुशीवर वळवायला दुसरं कोणी नव्हतं. ती गेली तोवर तळ बंद पडला होता आणि हत्ती कुठे कुठे गेले होते.

"दादा," प्रासितने मनतला हळूच विचारलं, "ती बुआलॉय रमली का इथे?"

मनत उत्तरेच्या डोंगरातला माहूत होता, चाळिशीचा. तो कठड्याला टेकला. "आता रमली. आली तेव्हा दिवसभर फाटकापाशी उभी. गाडी आली की सोंड वर. एखादा म्हातारा बोलला की तोंडातला घास टाकून धावायची, मग जवळ येऊन माणूस बघायची आणि परत फिरायची. आम्ही म्हटलं, ही काही जगत नाही. मग आमच्या म्हाताऱ्या हत्तिणीने, सायथोंग आजीने, तिला पदरात घेतलं. आता दोघी एकमेकींवाचून पाणीसुद्धा पीत नाहीत."

"फाटकाकडे जात नाही?"

"गेल्या पावसाळ्यापासून नाही."

"वाट कुणाची बघायची?"

"कुणी माहूत होता म्हणे. टाकून गेला."

"असेल," प्रासित म्हणाला.

तेवढ्यात खालच्या बांबूच्या बेटातून दोघी बाहेर आल्या. पुढे सायथोंग, मागे बुआलॉय. तिच्या कानशिलांना खळगे पडले होते, पाठीचा कणा वर आला होता. उजव्या कानाची कड फाटकी होती. मागचा डावा पाय ती अजून तसाच बाहेर टाकत होती.

प्रासितच्या गळ्यात साद आपोआप आली. ओठ उघडलेसुद्धा. संध्याकाळच्या गाडीने त्याला सुरिनला परतायचं होतं. ती धावत येईल, या कठड्यापाशी उभी राहील, आणि मग?

बुआलॉय अचानक थांबली. सोंड वर करून माचीच्या दिशेने वळवली आणि वारा हुंगू लागली. माणसं खूश होऊन मोबाइल वर करू लागली. प्रासित घोळक्यातून मागे सरला, माचीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे स्वयंपाकघराच्या चुलीचा धूर येत होता. त्या धुरात तो डोळे मिटून उभा राहिला.

सोंड बराच वेळ हवेत फिरत होती. मग सायथोंगने पोटातून घुमल्यासारखा आवाज केला. बुआलॉय वळली, तिच्या तोंडाला सोंड लावून आली आणि तिच्यामागून ओढ्याकडे उतरली.

कुंग धावत आली. "हे काय, बाबा? इथे काय करताय? साद का नाही घातलीत?"

"आपली नाही ती."

"नाव तेच आहे. सुरिनचीच आहे, मी विचारलंय."

"सुरिनमधे घरटी एक बुआलॉय निघेल. आपल्या बुआलॉयचा कान धड होता. हिचा फाटका आहे."

कुंग त्याच्याकडे बघत राहिली. बुआलॉयचा कान काटेरी तारेत फाटला तेव्हा ती शाळकरी पोर होती. बाप हत्तिणीशी बोलत बसला होता आणि जखमेवर हळद कुंगनेच थापली होती. ते तिच्या ओठांवर आलं. तिने धुराने लाल झालेले त्याचे डोळे बघितले आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"चला मग," ती म्हणाली. "भूक लागली असेल तुम्हाला."

"लागलीय थोडी."

परतताना तो स्कूटरवर तिच्या मागे बसला. येताना मागची कडी धरून ताठ बसला होता. उतार सुरू झाला तसं त्याने कपाळ तिच्या पाठीला टेकवलं. त्याचं सगळं वजन तिच्या अंगावर आलं. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. कुंगने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, त्यांना पुढे जाऊ दिलं आणि हळूहळू चालवत राहिली.