पाटीवरचं पूर्ण नाव

अगं बाई, काय सांगू त्या दिवसाची धांदल! चौतीस सालचा माघ, भात झोडून झालेलं, आणि माणगावच्या बाजूच्या आमच्या गावात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आलेले. देवळाच्या पडवीत दुपारचा आम्हा बायकांचा वर्ग भरायचा. तो चालू ठेवायचा की मोडायचा, हे ते ठरवणार होते.

मोडायचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारीण माझ्या पोरीला चोळायचं औषध पाजायला निघालेली, तेव्हा बाटलीवरचं ‘पोटात घेऊ नये’ मी वाचलं, म्हणून पोर हाताला लागली. तो वर्ग मी सोडते होय!

आमच्या मास्तरीण काशीबाई, रेवदंड्याच्या. त्यांनी पाट्या वाटल्या. साहेब म्हणाले, “प्रत्येकीनं पूर्ण नाव लिहा. नवऱ्याच्या नावासकट.”

झालं! सगळ्यांचे हात थांबले. घरधन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आम्ही मानणाऱ्या. तोंडानं घ्यायचं न्हाय म्हणून पाटीवरही कधी लिहिलं नव्हतं.

“एवढंही येत नाही?” साहेबांनी टोपी उचलली. “मग वर्ग हवा कशाला?”

काशीबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी मनाशी म्हटलं, मनुबाई, आता न्हाय तर कधीच न्हाय! धरली लेखणी नि लिहिलं. अक्षर ठसठशीत आलं, देवाशपथ.

सासूबाई खांबाआडून ओरडल्या, “अगं सटवे, माझ्या लेकाचं नाव घेतलंस!”

“घेतलं कुठं? तोंड तर मिटलेलं होतं माझं!”

साहेबांना हसू आवरेना. मग गोदूनं लिहिलं, सखुबाईनं लिहिलं, सगळ्याच लिहीत सुटल्या. “चालू राहील वर्ग,” साहेब म्हणाले, नि काय तो गलका! मी तर काशीबाईंना मिठीच मारली.

बाहेर गडीमाणसं उभी होती. त्यांतनं आमचे हे पुढं आले नि माझी पाटी हातात घेऊन बघत राहिले. शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते.

“लिवलंस ना? मग वाच की मोठ्यानं.”

“मी? नि तुमचं नाव? आयच्या देखत?”

“मग मला कळायचं कसं?”

“उद्या दुपारी या,” मी म्हटलं. “माझ्या शेजारी बसा, नि तुमचं तुम्हीच वाचा.”