पुठ्ठ्याचं नाताळगाव

नगरच्या कँपातल्या कचेरीत कारकून नृसिंहपंत कुलकर्ण्यांचा जीव अडकला होता तो हेडक्लार्कच्या खुर्चीत. म्हातारे हेडक्लार्क पेन्शनीत निघालेले, आणि साहेब मेमसाहेबांच्या शब्दाबाहेर नाहीत हे कँपातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक! म्हणून 'नाताळासाठी एक छोटं गाव करून द्याल?' असं मेमसाहेबांनी विचारताच पंत कमरेत असे वाकले की टोपी सावरावी लागली.

गणपतीचं मखर करण्यात पंतांचा हात धरणारा कोणी नव्हता. लढाईमुळे पुठ्ठा मिळेना, तर त्यांनी साबणाची खोकी फोडली, खळीनं घरं उभी केली आणि छपरांवर बर्फ म्हणून पिंजलेला कापूस डकवला.

"कापूस वाळत घातलाय होय?" बायकोनं, अंबिकाबाईंनी विचारलं.

"तुला काय कळतंय विलायतेतलं!" पंत खेकसले.

त्यांना तरी कुठं कळत होतं म्हणा! हात आपसूक नेवाशाजवळचं आपलंच गाव बांधत गेले. मधोमध पाटलाचं घर, शेजारी कुलकर्ण्यांचं, म्हणजे त्यांचं स्वतःचं, आणि पुढं वेस. उरला बाळ येशूचा गोठा. त्याच्या आईबापांना गावात कुणी थारा दिला नाही, असं मेमसाहेबांनी सांगितलं होतं. मग असली माणसं राहणार कुठं? पंतांनी क्षणभरही विचार न करता गोठा वेशीबाहेर, पूर्वेला ठेवून दिला.

नाताळाच्या आदल्या दिवशी बंगल्यावर मंडळी जमली. त्यांत मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण चांगुणाबाई होत्या. जन्म पंतांच्याच गावातला, वडील ख्रिस्ती झालेले. त्यांनी वाकून ते गाव न्याहाळलं.

"वेस ओळखली मी, पंत. गोठा अगदी आमच्या घराच्या जागी बसवलात."

"काय म्हणतात त्या?" मेमसाहेबांनी विचारलं.

"कापूस छान दिसतो म्हणतात," पंतांनी ठोकून दिलं.

पंत मेले! चांगुणाबाईंचं इंग्रजी त्यांच्याहून फर्डं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, महारवाड्यासकट. मेमसाहेबांचा चेहरा पडला. मग काही तरी सुचून त्यांनी गोठ्यातलं चिनीमातीचं बाळ उचललं आणि पंतांच्या तळहातावर ठेवलं.

"मग घ्या की त्याला आत! कुठलंही घर निवडा."

पंत एकेका घरावरून नजर फिरवू लागले. पाटलाच्या घरात? पाटील जिवंत सोडेल? मग कुलकर्ण्यांच्या? छे छे, माजघरात देव आहेत! पुठ्ठ्याचं असलं म्हणून काय झालं? समोर साहेब ताटकळलेले, खुर्ची हातची चाललेली, आणि हात तर काही केल्या पुढं होईना. शेवटी ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जागा नाही. सगळी घरं भरलेली आहेत."

मेमसाहेबांनी टाळीच वाजवली. "वा! येशूच्या आईबापांना धर्मशाळेवाला अगदी असंच म्हणाला होता! किती भाव ओतलात!" त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. साहेबांनी पंतांची पाठ थोपटली आणि खुर्ची तुमचीच, असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

पंत बाळ हातात धरून तसेच उभे. चांगुणाबाईंनी हात पुढं केला.

"द्या इकडे, पंत. आमच्याकडे आहे जागा."